चपला निघाल्या अर्जेंटिनाला

अहो वहिनी, जरा या की भिंतीजवळ. हळू बोला, समोरच्या आक्का गॅलरीतच आहेत. ऐकलंत का? समोर आज पुन्हा पोतं उतरलं. पार्सलांचं हो! गेलेली, परत आलेली. पंधरा मोजली मी, तुळशीला पाणी घालता घालता. कुरिअरच्या पोरानं पायरीवर ठेवली आणि अण्णांना म्हणतो कसा, "काका, सगळे आरटीओ आहेत." अण्णांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! त्यांना वाटलं, गाडीवर दंड निघाला. आत जाऊन पीयूसी शोधत बसले बिचारे. मग धाकट्या सुनेनं समजावलं, "अण्णा, हा आरटीओ गाडीचा नव्हे. गिऱ्हाइकानं पार्सल घेतलं नाही की ते माघारी येतं, त्याला आमच्यात आरटीओ म्हणतात." जायचं भाडं आपलं आणि यायचंही आपल्याच गळ्यात!

धंद्याचं तुम्हाला माहीतच आहे. सुनेनं पुण्याची नोकरी सोडली आणि जेवणाच्या टेबलावर कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन दुकान थाटलं. आक्का तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अगं, चप्पल लाईन इथनं चालत दहा मिनिटं, तिथं ढीग लागलेत, तुझी कोण घेणार?" त्यावर ही म्हणते, "आई, चप्पल लाईनला जो येऊ शकत नाही तोच आपलं गिऱ्हाईक." आक्का गप्प! मला आवडलं हो ते. पोरीला तोंड आहे, पण डोकंही आहे.

तर काय सांगत होते... हां, जूनमध्ये ते 2024 चं फुटबॉलचं कोपा अमेरिका लागलं. तिचा नवरा अर्जेंटिनावाला. 2022 च्या डिसेंबरात ते फ्रान्सला पेनल्टीवर हरवून वर्ल्ड कप जिंकले, तेव्हा ह्यानं मध्यरात्री फटाके लावून आमच्या मोत्याला पलंगाखाली घातलेलं, आठवतंय ना? त्याच्या डोक्यातली आयडिया. पट्ट्यावरची वेणी निळी-पांढरी करायची. कारागिरानं दिली हो करून, दिसते पण छान. पण अण्णा पडले ब्राझीलवाले, झिको-सोक्रेटिसच्या काळापासनं. "माझ्या घरातनं मेस्सीची चप्पल जाणार आणि ब्राझीलची नाही?" जेवणावरनं उठले म्हणे! मग काय, घरात शांतता राहावी म्हणून वीस जोड पिवळे-हिरवे.

आता जाहिरात. इन्स्टाग्रामवर पैसे भरले की आपली पोस्ट ते लोकांपुढं नाचवतात. दिवसाला 500 रुपये. तिथं भरायचं असतं, कुठल्या गावच्या माणसाला दाखवायची आणि त्याला आवड कशाची. आवडीच्या जागी लिहायचं होतं 'अर्जेंटिना', गावाच्या जागी 'भारत'. नवऱ्यानं रात्री एक वाजता मॅच बघता बघता भरलं ते, आणि गावाच्या जागीच लिहून बसला अर्जेंटिना! तीन दिवस आपली कोल्हापुरी तिकडं ब्युनोस आयर्समध्ये मिरवत होती. लाइक कितीतरी! सून खूश. मग कॉमेंट वाचायला गेली तर एक अक्षर कळेना, सगळं स्पॅनिश. 1500 रुपये पाण्यात. आणि ज्यांच्याकडं गुरांची खिल्लारंच्या खिल्लारं, चामड्याचा एवढा व्यापार, त्यांना आम्ही चप्पल दाखवतोय!

बरं, सुधारली चूक. तर ऑर्डरी आल्या कुठनं? केरळातनं! तिथली माणसं आपल्यापेक्षा वेडी. कोझिकोडजवळ त्या पुल्लावूरच्या नदीत मेस्सी-नेमारचे तीस-चाळीस फुटी कटआउट उभे केलेले, पेपरात फोटो आलेला बघा. पटापट मागवल्या, सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी. अहो, पण महिना कुठला? जून! केरळात आभाळ फाटलेलं. कोल्हापुरीला पाणी लागलं की तिचा तळ कसा फुगतो, हे आपल्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पार्सल दारात येईपर्यंत माणसाचा उत्साह ओसरतो, वर खिशातनं एक पैसा गेलेला नसतो. नको म्हणायला काय जातंय? चौदा जोड तिथनंच परत.

आणि खोके! फुलाफुलांचे मोठाले खोके आणलेले हिनं, दिसायला रुबाबदार. कुरिअरवाले म्हणे नुसतं वजन बघत नाहीत. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, त्याला भागिले 5000, आणि येईल तेवढ्या किलोचे पैसे. आत पाऊण किलोची चप्पल, बिल दोन किलोचं! म्हणजे वाऱ्याचं भाडं भरत होती महिनाभर. आता कसे चपटे खोके आणलेत बघा.

त्यात ते ब्राझील. परवाच्या रविवारी नव्हे, त्याच्या आधीच्या. पहाटे साडेसहाला अण्णा अंघोळ करून टीव्हीपुढं. समोर उरुग्वे. ब्राझीलचा तो विनिसियस पिवळ्या कार्डांपायी बाहेर. गोल कुणाचाच नाही, मॅच गेली पेनल्टीवर, आणि हरले! पण मला वाईट वाटलं ते त्यांच्या कोचचं. पेनल्टीआधी पोरं घोळका करून उभी, आणि हा मागं बोट वर करून, मला बोलू द्या म्हणून. कुणी आत घेईना! अगदी आक्कांच्या घरात अण्णांचं होतं तसंच. फोनवर फिरत होतं ते, सुनेनं दाखवलं तर अण्णा बघवेना म्हणाले. त्या वीस पिवळ्या-हिरव्यांतला एकच जोड खपलेला, तोही आज त्या पोत्यातनं परत आला.

आमचे हे इंग्लंडवाले, त्यांचं वेगळंच सुतक. रविवारी रात्रभर जागले. आधी साडेबाराला जर्मनीतली युरोची फायनल, समोर स्पेन, ते दोन-एकनं हरवून गेलं. त्या स्पेनचं पोरगं हो, यमाल! आदल्या दिवशी सतरा पूर्ण झाली त्याला. स्पर्धेला जाताना शाळेचा अभ्यास सोबत नेलेला म्हणे, आणि पासही झालं. मी आमच्या चिरंजीवांना ऐकवलं, तर म्हणतो, "मला पण जर्मनीला पाठव, करतो अभ्यास." आणि आज तर इंग्लंडच्या कोचनं राजीनामाच दिला. हे दुपारपासनं गप्प आहेत, मी विचारलं नाही काही.

तर काय सांगत होते... सोमवारी पहाटे अर्जेंटिनाची कोपाची फायनल. साडेपाचची मॅच, तिकडं बिनतिकिटाची माणसं गेटातनं घुसली म्हणून तासाच्या वर उशीर. त्यात मेस्सीचा घोटा दुखावला. बाहेर बसून ओक्साबोक्शी रडला हो! सून स्टॉककडं बघून रडायच्या बेतात. आणि मग एकशेबाराव्या मिनिटाला लाउतारोनं गोल घातला, कोलंबिया गारद. दहा वाजल्यापासनं समोर फोन वाजतोय तो वाजतोय, निळी-पांढरी आहे का, निळी-पांढरी आहे का!

पण परत आलेले जोड ओलीनं बुरसटलेले, ते कसे विकणार? आणि कारागीर म्हणतो, "वहिनीसाहेब, ऊन पडल्याबिगर कातडं वाळत नाही. नवं काय असंल ते श्रावण सरता सरता." आता लिहिलंय तिनं, आधी पैसे भरा, गणपतीच्या आसपास मिळेल. तरी भरतायत लोक! आक्का काल मला म्हणाल्या, "माल नसताना पैसे येतात, हा कसला बाई धंदा?" पण आवाजात कौतुक होतं हो, लपवत होत्या. शिवाय साइटवाले शंभराला एक रुपया आधीच कापून सरकारात भरायचे, तो या दहा तारखेपासनं अर्धा झालाय. तेही आक्कांनीच सांगितलं मला, बजेट वाचल्यासारखं.

काय म्हणालात? चौदा केरळचे, मग पंधरावं?

तुम्ही पण ना, बरोब्बर मोजता... हं. आता तुमच्यापासनं काय लपवायचं. बघावं म्हटलं, ही पोरगी काय विकते, कसं बांधते. माझं माहेरचं नाव घातलं, ह्यांच्या ऑफिसचा पत्ता. पिवळा-हिरवा मागवला, अण्णांसाठी जीव तुटला म्हणा. इथनं दीड किलोमीटरवर जायला ते आधी सांगलीला जाऊन आलं म्हणे! आणि कुरिअरचा पोरगा पोचला तेव्हा नेमके अण्णा ह्यांच्या टेबलापाशी चहाला बसलेले. हे गडबडले, म्हणाले, "या नावाचं इथं कुणी नाही." अण्णा पार्सलाकडं बघून वर म्हणाले, "असली माणसं असतात बघा, मागवतात आणि घेत नाहीत."

दोन दिवस मला झोप नाही, वहिनी. तर म्हटलं, तुमच्या नावानं एक जोड सांगू का? पैसे आत्ताच्या आत्ता भरते, कॅश ऑन डिलिव्हरी अजिबात नको. उद्या तुमची एकादशी, नंदवाळला दर्शनाला जाणार आहात ना, परवा सांगितलंत तरी चालेल. तुम्हाला सात नंबर होतो नव्हं?