मूळ फाइल

आमच्या घराण्यात भांडायला विषय लागत नाही, तरी गेल्या दिवाळीत माळा साफ करताना आयताच मिळाला. खाली आलेल्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायच्या होत्या. त्या डिजिटल पद्धतीने घ्यायच्या की अ‍ॅनालॉग? वरवर प्रश्न वायरीचा. पण कुठली वायर चांगली, हे ज्याने-त्याने कॅसेटमध्ये आपण कसे दिसतो (आणि काय बोलतो) त्यावरून ठरवलं.

मामाच्या हाय-एट कॅसेटवर वाद झाला नाही. त्यातलं चित्र मुळातच अ‍ॅनालॉग, त्यामुळे एस-व्हिडिओची वायर लावा, नाहीतर पिवळी-पांढरी-लाल लावा, कॉम्प्युटरच्या तोंडाशी एक कॅप्चरची डबी बसवा, विषय संपला. कॅमेरा मामाने अमेरिकेहून आणलेला, म्हणजे एनटीएससी. आमचा जुना टीव्ही शुद्ध पॅल. त्यामुळे मामीचा पोपटी शालू आम्ही इतकी वर्षं करडाच पाहत आलो होतो. तो पोपटी आहे हे कळल्यावर करडाच बरा होता असं दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

खरी लढाई दादाच्या मिनीडीव्ही कॅसेटवरून. डिजिटल पक्षाचा पुढारी दादाचा मुलगा. २००३ साली ज्याच्या बारशासाठी तो कॅमेरा घेतला, तोच आता इंजिनियर होऊन आम्हाला शिकवत होता. "काका, या टेपवर आकडेच आहेत. फायरवायरने ते जसेच्या तसे उचलायचे. एक आकडा इकडचा तिकडे नाही. पिवळ्या वायरीने घेतलंत तर आकड्यांचं आधी चित्र होणार, मग त्या चित्राचे पुन्हा आकडे. हापूसचा आमरस करायचा आणि त्यातून परत आंबा वळायचा!"

मुद्दा बिनतोड होता. अडचण एवढीच, की फायरवायर लावणार कुठे? हे प्रकरण १९९५ साली प्रमाणित झालं आणि हँडीकॅमवर 'आयलिंक' या नावाने मिरवलं. आता नव्या लॅपटॉपवर त्याचं भोकसुद्धा नाही. अ‍ॅपलवाल्यांनी ते वाढवलं आणि २०२५ च्या मॅकओएसमधून त्यांनीच त्याला निरोप दिला. कॅमेऱ्याला यूएसबीचं तोंड आहे म्हणून आम्ही हरखलो, तर ते मेमरी कार्डावरचे फोटो काढण्यापुरतं. शेवटी पुतण्याने लॅमिंग्टन रोडवरून जुन्या डेस्कटॉपसाठी कार्ड आणलं, चार पिनांची वायर आणली, आणि कॅमेऱ्याच्या कुशीतलं रबरी झाकण नखाने उचकटून ती आत बसवली. कॅसेट घालणं हाही एक विधी. बाहेरचं झाकण ओढायचं, आतलं तबक जरा विचार करतं, मग घुर्र करत वर येतं. कॅसेट ठेवून 'पुश' लिहिलंय तिथेच दाबायचं. दुसरीकडे दाबलं की रुसतं. तबक आत गेल्याशिवाय झाकण लावलं की कायमचं रुसतं.

अ‍ॅनालॉग पक्षात आई. तिचं म्हणणं साधं, "टीव्हीला लावा, सगळे मिळून बघू, बघता बघता होईल." पुतण्याने डिजिटलचे गुण गाताना एक गोष्ट हळू आवाजात सांगितली होती: तासाभराची कॅसेट उतरवायला फायरवायरलाही तासच लागतो. टेप आपल्या चालीनेच फिरणार. आईने ते नेमकं ऐकलं. "मग एवढं कार्ड-बिर्ड आणून मिळवलंत काय?"

पण अ‍ॅनालॉगची सर्वांत कडवी समर्थक निघाली आत्या, आणि तिच्या तांत्रिक आस्थेचं मला नवल वाटलं. "त्या साध्या वायरीने थोडं पुसट येतं म्हणतोस ना? मग तीच लाव. जुनं जुन्यासारखं दिसावं." मग कळलं. बारशाच्या दिवशी दादाने कॅमेरा चालूच ठेवून कपाटावर ठेवला होता, आणि पाळण्याशी वाकलेली आत्या कोणाला तरी विचारत होती, "वाळे चांदीचेच दिलेत ना? हलके लागतात हाताला." वाळे वहिनीच्या माहेरचे.

पुतण्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की अ‍ॅनालॉगमध्ये चित्र मऊ पडतं, कडा फिसकटतात, पण आवाज चांगला खणखणीत येतो. आत्याचा चेहरा पडला. मग तिने तिसरी पद्धत सुचवली: कॅसेट परत माळ्यावर ठेवा. कोकणातल्या माणसाला पावसाळा आणि बुरशी यांच्या कार्यक्षमतेबद्दल शंका नसते.

अखेर डिजिटल पक्ष जिंकला. तासाच्या कॅसेटची फाइल झाली सुमारे १३ जीबीची. एक आकडा हरवू नये म्हणून एवढी खटपट केल्यावर सगळ्यांनी एकमुखाने मागणी केली, "व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना!" पुतण्याने डोळे मिटून तुकडे केले, दाबून दाबून बारीक केले आणि पाठवले. कपाटावरचा तुकडा त्याने आजीच्या सांगण्यावरून वगळला. बारीक चौकटीत चौकोन-चौकोन झालेलं बारसं पाहून ग्रुपवर अंगठे आणि बदाम पडले. आत्याने दोन्ही हात जोडले.

या सबंध वादात वहिनी एक शब्द बोलली नव्हती. रात्री जेवणं आटोपल्यावर तिने पुतण्यासमोर पेन ड्राइव्ह ठेवला. "बारशाची मूळ फाइल दे. न कापलेली."

"आई, १३ जीबी आहे. फॅट-३२ वर चार जीबीच्या वरची फाइल बसत नाही."

"एक्सफॅट करून आणलाय," वहिनी म्हणाली.