डेकाचं अभ्यंगस्नान

आमच्या वरकुट्यात लाकूड उन्हात ठेवायची रीत नाही. बैलगाडी आणि औतं सोडली तर लाकडाची जागा छपराखाली. गाडीसुद्धा काम संपलं की लिंबाच्या सावलीत सोडायची. त्यामुळे घरासमोर, वर आभाळ आणि खाली माती अशा अवस्थेत सागवानी फळ्यांची ऐसपैस जमीन तयार झाली, तेव्हा गावाने एकच प्रश्न विचारला : "मंडप कधी घालणार?"

वरकुटे म्हणजे कोणतं, तेही सांगून टाकतो : इंदापूर तालुक्यातलं. तालुक्यात एक वरकुटे खुर्द, एक वरकुटे बुद्रुक, शिवाय साताऱ्याच्या माण तालुक्यात वरकुटे मलवडी. पुढे या डेकासाठी मागवलेलं घासायचं मशीन आधी माणदेश बघून आलं आणि मग आमच्याकडे पोचलं. खोक्याची अवस्था पाहता त्याला तिथली हवा मानवली नव्हती.

डेक ही माझ्या भाच्याची कल्पना. तो मुंबईत आर्किटेक्ट आहे. बारामती तालुक्यात 2005 च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटन सुरू केलं, तेव्हापासून शहरातली माणसं पैसे देऊन हुरडा खातात आणि वर आमच्याच बैलगाडीत बसून 'थँक्यू' म्हणतात, हे आमच्या भागाला ठाऊक झालं आहे. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, त्यांना बघायला गाड्यांची रांग लागते. भाच्याचं गणित सरळ होतं. पक्षी उजनीवर, पाहुणे आपल्या डेकावर. पक्ष्यांनी गणिताप्रमाणे वागायचं ठरवलं. पाहुण्यांचं अजून नक्की नाही.

लाकूड विकत आणावं लागलं नाही, ते घरचंच होतं. आजोबांचं पाच खणांचं माळवदाचं घर आम्ही उतरवलं, त्याचा कडीपाट निघाला. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी : खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर पाला आणि त्याच्याही वर हातभर मातीचा थर. असलं घर उन्हाळ्यात गार राहतं आणि पावसाळ्यात, देवाची कृपा असेल तर, कोरडं. त्या फळ्या तीन पिढ्या मातीखाली निजून होत्या. ऊन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तुळईला टांगलेल्या कंदिलाचा धूर एवढंच काय ते त्यांचं जग. भाच्याने त्यांना खाली आणलं, घासलं, अंगणात एकमेकींना चिकटवून ठोकलं आणि म्हणाला, "मामा, सुई जाणार नाही!" मग मुंबईला निघून गेला.

सुई खरंच जात नव्हती. पाणीही जात नव्हतं.

पहिल्या वर्षी डेकाचा उपयोग भाच्याच्या कल्पनेबाहेर झाला. कुरडया, सांडगे आणि मिरच्या वाळायला आल्या, कारण खालून माती लागत नाही. शेजारच्या कोंबड्यांनी फळ्यांखाली अंडी घातली आणि ती कोणाची, यावर एक दुपार गेली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका उमेदवाराने 'तयार स्टेज' म्हणून मागून पाहिला. मी नाही म्हणालो, तेव्हा दुसऱ्याने मला आपल्या बाजूचा धरलं.

तीन पावसाळ्यांत सोन्याच्या रंगाचा साग राखेच्या रंगाचा झाला. फळ्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या, प्रत्येक खिळ्याभोवती काळं वर्तुळ उमटलं, आणि अनवाणी चालणाऱ्याच्या पायात कूस जाऊ लागलं. भाच्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो म्हणाला, "मामा, ही तर पटिना आहे! परदेशात लोक यासाठी वाट बघतात." मी म्हटलं, वाट बघणाऱ्यांना पत्ता दे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एक जण म्हणाला, ट्रॅक्टरचं जळकं ऑईल मारा, शंभर वर्षं बघायला नको. खरं आहे, तसल्या डेकाकडे शंभर वर्षं कोणी बघणारही नाही. दुसऱ्याने डांबर सुचवलं. तिसऱ्याने वॉटरप्रूफ ऑइलपेंट, तोही मरून. कोकणातले व्याही आले होते, त्यांनी बुरशी आणि शेवाळावर तासभर व्याख्यान दिलं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. आमच्याकडे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक एकमेकांना पेढे देतात. आमच्या डेकाला शेवाळाची संधी कुठली? त्याचा वैरी डोक्यावर होता. सूर्य.

हे मी वाचून काढलं आहे, त्यामुळे सांगतोच. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवतं ते लिग्निन. उन्हातले अतिनील किरण आधी त्यालाच खातात, पाऊस उरलंसुरलं धुऊन नेतो, आणि मागे राहतात ते सेल्युलोजचे मोकळे, राखाडी तंतू. पण सगळी पडझड वरच्या पातळ थरापुरती असते. खालचं लाकूड बहुधा ठणठणीत. हे वाक्य मी घरात मोठ्याने वाचलं. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, मग वरचा थर कोण काढणार?"

सुतारआबांना बोलावलं. त्यांचं सगळं आयुष्य बैलगाड्या, तिफणी आणि चौकटी करण्यात गेलं. मला त्यांनी चड्डीत पाहिलं असल्यामुळे माझ्या बँकेतल्या नोकरीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. ते आले, डेकावर न चढता आधी वाकून खाली बघितलं. मग खिशातला चाकू काढून फळीच्या टोकाला टोचला, कान लावून हातोडीच्या दांड्याने दोन ठिकाणी वाजवलं.

"गाभा शाबूत हाय," ते म्हणाले. "ह्या दोन फळ्यांत पांढरं लई हाय, त्या किड्याला द्याच्या. पन हे ठोकलं कुनी?"

"भाच्याने. आर्किटेक्ट आहे तो."

"आसंल," आबा म्हणाले. "गाडीचं चाक बघितलं न्हाई त्यानं कवा."

पुढचं व्याख्यान कोकणच्या व्याह्यांपेक्षा पुष्कळ लहान होतं. चाकावर लोखंडी धाव बसवतात ती तापवून. गार झाली की आवळते. पण उन्हाळ्यात लाकूड आटतं, धाव ढिली होऊन खडखडायला लागते. मग शेतकरी गाडी ओढ्याच्या पाण्यात नेऊन उभी करायचा, लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. "लाकूड लांबीला हालत न्हाई," आबा म्हणाले, "रुंदीला हालतंय. त्याला जागा न्हाई दिली तर त्ये वर उठणार, नायतर फुटणार. तुज्या भाच्यानं समद्यांना एका बाकावर दाबून बसिवलंय." एवढं बोलून त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि दोन फळ्यांच्या मध्ये आडवी धरून दाखवली. "एवढी फट. पानी जाईल, धूळ जाईल, लाकूड बी श्वास घील."

फळ्या सगळ्या उचलल्या. खालच्या कड्या थेट मातीत टेकल्या होत्या, त्यामुळे वाळवीने आपली मातीची नळकांडी बांधून रस्ता सुरूही केला होता. आबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि परसात कपडे धुवायला टाकलेल्या दगडांकडे बोट केलं. ते जुन्या घराचे तळखडे. खांब मातीला लागू नयेत म्हणून आजोबांच्या सुताराने त्यांवर उभे केले होते. दगड परत कामावर रुजू झाले, कड्या जमिनीपासून वर आल्या. सौंना कपडे धुवायला दुसरी जागा शोधावी लागली आणि तो विषय अजून मिटलेला नाही.

लोखंडी खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणले. खिळ्याभोवतीचं काळं वर्तुळ म्हणजे सागातली टॅनिनसारखी द्रव्यं आणि लोखंड यांची पाण्याच्या साक्षीने झालेली सोयरीक. ती मोडायला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. बारामतीच्या एका दुकानात ते मागितलं, तर दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहून विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?" पावडर कोमट पाण्यात विरघळवून, हातमोजे घालून, ब्रशने लावायची, थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुवायची. डाग डोळ्यांदेखत फिके होतात. या एका गोष्टीवर पूर्ण समाधान मानून काम थांबवावं असं मला मनापासून वाटत होतं.

भाच्याने फोनवर सांगितलं, प्रेशरने धुऊन घ्या. गावात ट्रॅक्टर धुणाऱ्याकडे पंप होता. त्याने उत्साहाने एक फळी धुऊन दाखवली. चिखल लागलेल्या नांगरासाठी ठेवलेल्या त्या धारेने सागाचे तंतू उभे राहिले आणि फळीला दाढी आली. बाकीच्या फळ्या आम्ही नायलॉनच्या ब्रशने, रेषेच्या दिशेने, हाताने घासल्या. 'आम्ही' म्हणजे मी, आबा खुर्चीवर.

मग माणदेशाहून परतलेलं मशीन. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120. त्याहून गुळगुळीत करायचं नाही, नाहीतर तेल मुरत नाही. पण मशीनला लाईट लागते, आणि आमच्याकडे लाईटचं वेळापत्रक विहिरीच्या मोटारींना बघून ठरतं, डेकांना बघून नाही. लाईट असताना घासायचं, नसताना चहा प्यायचा, असा क्रम बसला. बारीक भुसा भिंती, तुळस, वाळत घातलेली धुणी असं करत शेवटी पोह्यांत सापडला. आई म्हणाली, "साग पचतो. तुझ्या आजोबांच्या डोक्यावर पण पडायचा."

राखाडी थर उतरला आणि खालून जे निघालं ते पाहून आबासुद्धा खुर्चीवरून उठले. ताजा, तांबूस सोनेरी साग, त्यावर काळसर रेघा, आणि एका फळीच्या टोकाला कोणीतरी वाकसाने घातलेली खूण. कडीपाट बसवताना फळ्यांचा क्रम लक्षात राहावा म्हणून सुताराने दोन चरे आणि एक तिरपा घाव घातला होता. आबांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही आमच्या घरातली खूण. माज्या आज्याची." ती फळी त्यांनी पायरीजवळ बसवली. पेन्सिलीएवढ्या फटी ठेवल्यामुळे शेवटी एक फळी उरली. तिचे दोन पाट झाले, एक आईला, एक आबांच्या घरी.

तेल घालायचा दिवस ठरवण्यातही डोकं लागतं. मे महिन्यात इंदापुरात फळी इतकी तापते की तेल आत मुरायच्या आधी वर साय धरते. पावसाळ्यात लाकडात पाणी, तेलाला जागा नाही. म्हणजे दसरा ते दिवाळी. आई म्हणाली, "नरक चतुर्दशीला घाला. अभ्यंगाला मुहूर्त चांगला." बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं, सकाळी ऊन चढायच्या आत, पातळ हात. पंधरा-वीस मिनिटांनी वरचं राहिलेलं फडक्याने पुसून घ्यायचं. पुसलं नाही तर चिकट होतं आणि त्यावर शेजारच्या शेळ्यांचे पाय उमटतात. व्हार्निश आबांनी दारात येऊ दिलं नाही. "त्याची कातडी बसती वर. लाकूड हाललं की कातडी फुटती, मग तिच्या खाली पानी. तेल आत जातंय, त्याला फुटायला काय हाय?"

फडकी मात्र सांभाळायची. बेलतेल हवेशी मिसळून वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळा करून टाकलेल्या फडक्यांत ती कोंडून आग लागू शकते, आगकाडी न लावता. हे मी सौंना समजावून सांगितलं. त्यांनी फडकी दोरीवर एकेक पसरून घातली आणि म्हणाल्या, "दिवाळीत फटाके आणायला नकोत मग."

फटाके नव्हते, पण आग आली. पहिला हात देऊन मी ओल्या, चकाकणाऱ्या डेकाकडे बघत उभा होतो, तेव्हा पलीकडच्या शेतातला ऊस नुकताच तुटून गेला होता आणि तिथे पाचट पेटलं. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की काळ्या काजळीचे पापुद्रे आभाळातून कसे तरंगत येतात, ते ज्याने पाहिलं त्याला पुढचं सांगायला नको. सावकाश, एकेक करत, घाई न करता ते खाली उतरले आणि बरोबर डेकावर बसले. अंगण मोकळं, ओटा मोकळा, फक्त डेक. मी कुंपणाशी जाऊन ओरडलो. शेजाऱ्याने हात वर करून 'शुभ दीपावली' केलं.

पाचट जाळू नये, सरीत कुजवावं, जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, असं कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगत आला आहे. त्या दिवसापासून या मोहिमेला माझ्याइतका कडवा कार्यकर्ता तालुक्यात नाही. मी दारोदार जाऊन पाचटकुट्टीचे फायदे सांगतो. कारण विचारलं तर जमिनीचं आरोग्य सांगतो.

तेल वाळल्यावर काजळी हलक्या हाताने घासली, दुसरा हात दिला. भाचा बघायला आला, फोटो काढले, म्हणाला, "मामा, आता दहा वर्षं बघायला नको." आई पाटावर बसली होती. "दहा?" ती म्हणाली. "तुझे पणजोबा दरसाल पावसाच्या आधी माळवदावर खारी माती टाकायचे, म्हणून ह्या फळ्या एवढी वर्षं टिकल्या. कोणी न बघता नाही टिकल्या." भाच्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. आबांनी मला पुढच्या दसऱ्याची तारीख विचारली.

तेव्हा इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात ज्यांना अंगणात डेक करायचा असेल त्यांनी खुशाल करावा. गाभ्याचं लाकूड घ्यावं, फट पेन्सिलीएवढी ठेवावी, कड्या दगडावर टेकवाव्यात, स्क्रू स्टेनलेसचे आणि तेल दरवर्षी दसऱ्यानंतर, तेही शेजाऱ्याचा ऊस कधी तुटणार हे विचारून. एवढं जमणार नसेल तर शहाबादी फरशी घाला. उन्हात तीही पाय भाजते, पण दिवाळीला तेल मागत नाही.