३७-६३ ची वाटणी
गाडी वळते तेव्हा तिची चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. चालवणाऱ्याला हे सहसा ठाऊक नसतं आणि त्यामुळे त्याचं काही अडतही नाही. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त धावतं, हे चटकन पटतं. पण पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा जास्त धावते, हे पटायला ओल्या मातीतले टायरचे ठसे पाहावे लागतात. पुढचं चाक ऐसपैस वळसा घेतं, मागचं गुपचूप आतून निघून जातं.

चारही चाकांना इंजिनाचा जोर द्यायचा म्हटलं की इथेच तंटा सुरू होतो. पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना घट्ट बांधला, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना कुणीतरी फरफटणारच. म्हणून दोघांच्या मध्ये एक मध्यस्थ बसवतात, तो सेंटर डिफरन्शियल.

साधा मध्यस्थ कमालीचा निःपक्षपाती असतो. वेग ज्याचा त्याने ठरवावा, जोर मात्र दोघांना निम्मा निम्मा. ऐकायला छान आहे. पण पुढचं एक चाक चिखलात गरगरू लागलं, की त्याला फिरवायला चिमूटभर जोर पुरतो आणि मग मागच्यांच्या वाट्यालाही चिमूटभरच येतो. मागची चाकं खडकावर पाय रोवून उभी असली तरी गाडी जागची हलत नाही. इतका काटेकोर न्याय पाहिला, की थोडासा अन्याय बरा वाटू लागतो.

तो अन्याय हिशेबात बसवला फर्ग्युसनच्या लोकांनी. पुणेकरांनी कॉलेज डोळ्यांपुढे आणू नये. ते फर्ग्युसन मुंबईचे गव्हर्नर. हा हॅरी फर्ग्युसन, ट्रॅक्टरवाला. उतारवयात त्याने चारही चाकांना जोर देण्याचा ध्यास घेतला आणि १९६० मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीच्या पी-९९ गाडीतून स्टर्लिंग मॉसने इंग्लंडमधल्या औल्टन पार्कची गोल्ड कप शर्यत जिंकली. फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या शर्यतीत चारही चाकांना जोर देणारी गाडी जिंकली ती तेवढीच एकदा.

मग १९६६ मध्ये फर्ग्युसनचीच यंत्रणा घेऊन जेन्सन एफएफ ही गाडी आली. तिची वाटणी होती ३७ टक्के पुढे, ६३ टक्के मागे. कारण सरळ आहे. गाडी जोरात निघाली की भार मागे कलतो आणि मागची चाकं रस्ता घट्ट धरतात. पुढच्यांच्या गळ्यात तर वळण्याचंही काम असतं. ही युक्ती आपल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. जोडीतला एक बैल कच्चा असला, की तो जू मधोमध बांधत नाही. कच्च्याची बाजू जरा लांब ठेवतो, म्हणजे त्याच्यावर ओढ कमी येते. गिअरात हाच हिशेब उलट्या अंगाने मांडतात. मधली छोटी चाकं आतल्या लहान चाकाला आणि बाहेरच्या मोठ्या कड्याला सारखंच रेटतात, पण कडं मोठं म्हणून पीळ त्याच्याकडे जास्त जातो. ते कडं मागच्या दांड्याला जोडलं, की झाली वाटणी.

एवढं करून जेन्सन एफएफ जेमतेम ३२० बनल्या. नाव झालं ते १९८० च्या ऑडी क्वाट्रोचं, आणि तिची वाटणी पुन्हा तीच, निम्मी निम्मी! फक्त तंटा विकोपाला गेला तर मध्यस्थाला कुलूप घालायची सोय ठेवली होती. कुलूप लागलं की दोन्ही दांडे एकसाथ फिरतात, आणि ज्याची पकड पक्की तो गाडी ओढून काढतो.

तुमच्या गाडीत त्या कुलपाचं बटण असेल तर चिखलात खुशाल वापरा, मात्र डांबरी रस्त्याला लागताच काढा. थार आणि जुन्या जिप्सीत हा मध्यस्थ मुळात नाहीच, तेव्हा कोरड्या रस्त्यावर फोर-व्हीलचा लिव्हर टाकून ऐट मिरवू नका. टायर महाग झालेत.