खोलीभाडे वाचवण्याचे शास्त्र

हनोई ते व्हिएन्तिआन ही रात्रीची स्लीपर बस व्हिएतनाम आणि लाओस या शेजारी देशांच्या राजधान्या जोडते. अंतर साधारण साडेसातशे ते आठशे किलोमीटर. विमानाला सुमारे सव्वा तास लागतो. बसला तिकीट विकणाऱ्याच्या मते वीस तास लागतात, प्रवाशांच्या मते चोवीस, आणि डोंगरात पाऊस लागला तर कोणाचेच मत विचारले जात नाही. दोन्ही राजधान्यांमध्ये रेल्वे नाही. लाओसने डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केलेली गाडी व्हिएन्तिआनहून उत्तरेला चीनच्या सीमेकडे जाते. त्यामुळे या बसने दोन प्रकारचे लोक जातात: ज्यांना विमान परवडत नाही ते, आणि ज्यांना परवडते पण तसे चारचौघांत कबूल करायचे नसते ते. पहिले स्थानिक असतात, दुसरे बॅकपॅकर. येथे विचार दुसऱ्यांचा केला आहे, कारण पहिले तक्रार करत नाहीत.

हाल सोसून जग पाहण्याची ही परंपरा फार जुनी नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातील तरुण इस्तंबूल, काबूल, दिल्ली अशी मजल मारत बसने काठमांडूला येत. टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने १९७३ मध्ये ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ ही पुस्तिका काढली आणि काटकसरीला शास्त्राचा दर्जा मिळाला. १९७९ मध्ये इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेल्या सोव्हिएत फौजा यांनी ती वाट बंद पाडली. हौस मात्र बंद पडली नाही. ती आग्नेय आशियाकडे सरकली आणि तिथेच रमली.

अलीकडे या मंडळींत मराठी तरुण-तरुणींची भर पडली आहे. मुंबईहून व्हिएतनामला थेट विमाने आहेत आणि ऑगस्ट २०२३ पासून तिथला ई-व्हिसा नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो. पुण्या-ठाण्याहून निघालेल्याला नव्वद दिवसांचा काहीच उपयोग नसतो, कारण त्याची रजा दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून नऊ दिवसांची असते. या नऊ दिवसांत त्याला तीन देश बघायचे असतात. म्हणजे त्याला घाई आहे आणि त्याच घाईत त्याने सर्वांत संथ वाहन निवडले आहे. या विसंगतीचे उत्तर एका गणितात आहे.

गणित असे: हनोईच्या जुन्या वस्तीत होस्टेलमधली एक खाट साधारण सहाशे-सातशे रुपयांना पडते. रात्र बसमध्ये काढली तर हे पैसे वाचतात. शिवाय दिवस मोडत नाही. डोळा लागतो एका देशात आणि उघडतो दुसऱ्या देशात. पंचवीस-तीस हजारांचे विमानाचे तिकीट काढून आलेला माणूस या सातशे रुपयांपुढे हरखून जातो. गणित कागदावर अचूक आहे. त्यात एकच गृहीत धरलेले असते, ते म्हणजे झोप.

तिकीट हॉटेलच्या काउंटरवर किंवा गल्लीतल्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे मिळते. काउंटरमागच्या भिंतीवर बसचे छायाचित्र असते. छायाचित्रातली बस जगात कुठेतरी धावत असणार, पण या मार्गावर नव्हे. तिकिटावर निघण्याची वेळ लिहिलेली असते, पोचण्याची लिहिण्याची पद्धत नाही. ही व्यवस्था अत्यंत दूरदर्शी आहे. पोचण्याची वेळच नसल्यामुळे या मार्गावर गाडीला उशीर झाल्याची घटना आजवर सिद्ध करता आलेली नाही.

प्रवाशाला हॉटेलवरून उचलण्याची सोय तिकिटात धरलेली असते. पाच वाजता तयार राहायला सांगतात, सहाच्या पुढे एक छोटी व्हॅन येते आणि आठ-दहा हॉटेलांवरून आठ-दहा सॅकवाले गोळा करत शहराच्या दक्षिणेकडील बसस्थानकावर पोचते. सुटण्याची वेळ झालेली असली तरी बसची पोटे उघडीच असतात. त्यांत खोकी, पोती, गुंडाळलेले कापड, यंत्रांचे सुटे भाग आणि कधी अख्खी मोटरसायकल चढवली जाते. सातारा-सांगलीकडच्या वडापात बसलेल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल: गाडी घड्याळ पाहून नव्हे, भरती पाहून सुटते. फरक इतकाच की इथे आधी माल भरतो, माणसे मागून. पोटे भरली की पोती वर येतात, पायापाशी, शेवटच्या बर्थखाली आणि पॅसेजमध्ये. आंतरराष्ट्रीय प्रवासी वाहतूक असे जिला म्हणतात, ती नीट पाहिली तर मालवाहतूक आहे आणि प्रवासी हा तिच्यातला बोलणारा माल आहे.

दारात क्लीनर पातळ प्लास्टिकची पिशवी पुढे करतो. बूट काढून पिशवीत घालायचे, पिशवी हातात घ्यायची आणि अनवाणी चढायचे. बसमध्ये स्वच्छता राहावी हा उद्देश, आणि तो साधतोही. मात्र प्रवाशाच्या उशाशी रात्रभर त्याचे स्वतःचे बूट राहतात. हॅलाँग बेच्या नावेत, निन्ह बिन्हच्या चिखलात आणि हनोईच्या पावसात तीन दिवस भिजलेल्या बुटांचा दर्प बंद काचांच्या बसमध्ये काय करू शकतो, हे पहिल्या तासातच कळते. पिशवीला गाठ मारावी. बहुतेकांना हे मध्यरात्री सुचते.

आत बर्थच्या तीन रांगा असतात, प्रत्येक रांग दुमजली, आणि रांगांमध्ये दोन बोळ. बर्थ सपाट नसतो. पाठ थोडी उचललेली असते आणि पाय एका बंद खोक्यात सारायचे असतात. हे खोके पुढच्या प्रवाशाच्या पाठीखाली येते. एकाची पाठ हे दुसऱ्याच्या पायांचे छप्पर, अशी ही सामाजिक रचना आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे वडीलधाऱ्यांनी लहानपणापासून सांगितलेले इथे प्रथमच सक्तीचे होते. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला खोके पुरते. त्यावरच्या माणसाला गुडघे दुमडावे लागतात. पण गुडघे वर घेतले तर ते छताला लागतात आणि बाजूला टाकले तर बोळात जातात, जिथे आता एक पोते आणि पोत्यावर एक काका आहेत. सगळ्यात मागे पाच बर्थ एकमेकांना चिकटून असतात आणि परदेशी प्रवाशांना तिकडे पाठवण्याची प्रथा आहे. चार अनोळखी माणसांमध्ये एकच गादी वाटून घेताना जगाची ओळख फार जवळून होते.

रात्रीचा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी पडद्यावर गाण्यांचे व्हिडिओ, मग आणखी गाण्यांचे व्हिडिओ. छताला निळे-जांभळे दिवे. एसी एकाच तापमानावर चालतो आणि ते बदलण्याचे बटण बहुधा शोभेचे असते. पांघरूण मिळते, पण ते छाती आणि पाय यांपैकी एकालाच पुरते. स्वच्छतागृह असलेच तर त्यात पोती असतात, म्हणून गाडी अधूनमधून अंधारात थांबते आणि उरलेले काम निसर्गावर सोपवले जाते. जेवणाच्या थांब्यावर सर्वांसाठी दारात प्लास्टिकच्या सपाता ठेवलेल्या असतात, दोन्ही पायांना एकाच मापाच्या मिळतील अशी खात्री नसते. शाकाहाऱ्याला भात मिळतो. भाजीही मिळते, पण तिच्यावर माशांपासून केलेल्या न्युओक मामचा शिडकावा झालेला असतो. शेवटी सॅकच्या तळातून चिवडा आणि बाकरवडी बाहेर येते. शेजारचा स्विस तरुण कुतूहलाने एक उचलतो आणि सकाळपर्यंत पुडा संपलेला असतो.

व्हिएतनामच्या कायद्याप्रमाणे चालकाने सलग चार तासांहून अधिक आणि दिवसात दहा तासांहून अधिक गाडी चालवायची नसते. म्हणून बसवर दोन चालक असतात. एक चालवतो, तेव्हा दुसरा झोपतो. संपूर्ण बसमध्ये गाढ झोपलेला तो एकटाच आणि त्यालाच दोन तासांनी उठवतात.

गाडी थान्ह होआ, विन्ह मागे टाकते आणि महामार्ग क्रमांक आठ धरून डोंगरात शिरते. चुओंग सोन पर्वतरांग, जिला फ्रेंचांनी अन्नामाइट म्हटले, ती दोन देशांची नैसर्गिक सीमा आहे. खिंडीत सुमारे सातशे मीटर उंचीवर काउ चेओची चौकी आहे. बस तिथे पहाटे चार-पाचच्या सुमारास पोचते. चौकी सात वाजता उघडते. रात्रभर भोंगा वाजवत, ट्रकना मागे टाकत, वळणांवर सॅका आणि माणसे एका अंगावर लोटत गाडीने जी घाई केली, ती या बंद फाटकासमोर येऊन थांबण्यासाठी होती. हनोईहून दक्षिणेकडे अलीकडे द्रुतगती मार्गाचे नवे टप्पे खुले झाले आहेत. प्रवास त्यामुळे कमी वेळाचा झाला आणि वाट पाहणे तितकेच वाढले. पायाभूत सुविधांवरील खर्च असा वाया जात नाही.

फाटक उघडण्याआधी एसी बंद होतो, मग इंजिन बंद होते आणि क्लीनर सर्वांना खाली उतरवतो. धुके असते, बहुधा भुरभुर पाऊसही. सात वाजता खिडकीपाशी रांग लागते आणि लगेच मोडते. स्थानिक माणूस पारपत्रांची चळत घेऊन येतो, प्रत्येकात एक दुमडलेली नोट खोचलेली असते आणि ती चळत आपोआप वर सरकते. परदेशी प्रवासी नियमाने उभा राहतो आणि त्याचा नियम तिथेच उभा राहतो. शिक्क्यासाठी एखाद-दोन डॉलरची मागणी होते. कधी सुटीचा दिवस म्हणून, कधी जादा वेळ म्हणून. शुल्काचे नाव बदलते, पावती नसण्यात सातत्य असते. भारतीय पारपत्राचे पान न् पान उलटले जाते. कोरी पानेही.

पुढे लाओसची नाम फाओ चौकी. मधले अंतर सॅक पाठीवर घेऊन चालायचे असते. आगमनावर व्हिसा मिळतो; त्यासाठी फोटो हवा आणि रोख डॉलर, तेही करकरीत. घडी पडलेली नोट नाकारली जाते. नोट बदलून देणाऱ्या बाईकडे व्हिएतनामी डोंग दिले तर लाओसचे किप मिळतात. डॉलरला पंचवीस हजारांच्या पुढे डोंग आणि वीस हजारांच्या पुढे किप पडत असल्यामुळे प्रवासी इथे लखपती म्हणून येतो, लखपती म्हणूनच जातो आणि मधल्या मध्ये एका जेवणाचे पैसे गळून जातात ते त्याला शून्यांच्या गर्दीत दिसत नाहीत. दोन्ही देशांची घड्याळे एकच वेळ दाखवतात, त्यामुळे गमावलेल्या तासांचा दोष कालविभागावरही ढकलता येत नाही.

यापुढचा रस्ता या मार्गाचा खरा ऐवज आहे. लाक साओ गावापुढे चुनखडीचे काळे सुळके उभे राहतात, त्यांच्या पायथ्याशी भातखाचरे आणि नद्या. जवळच कोंगलोरची गुहा आहे. नाम हिन बुन नदी डोंगराच्या पोटातून सुमारे सात किलोमीटर वाहते आणि नावेतून आरपार जाता येते. बस तिथे थांबत नाही. ती पोती उतरवायला थांबते. त्याचा प्रवाशाला त्रास होत नाही, कारण सीमा ओलांडून ऊन वर आले की त्याला अखेर झोप लागलेली असते. लाओसमधील सर्वांत देखणा रस्ता तो तोंड उघडे टाकून, पडदा ओढून पार करतो. पुढे महामार्ग क्रमांक तेरा लागतो, मेकाँगच्या काठाकाठाने जाणारा सपाट रस्ता, आणि पाहण्यासारखे फारसे काही उरले नसताना त्याला जाग येते.

बस व्हिएन्तिआनच्या दक्षिण स्थानकावर संपते. ते शहराबाहेर काही किलोमीटरवर आहे. फलाटावर टुकटुकवाले असतात आणि रात्रभर अंग आंबलेल्या माणसाशी घासाघीस कशी करायची, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. वर जागा कमी आणि सॅक मोठी, म्हणून दोन जणांचे पैसे घेतले जातात.

आता हिशेब. जमेच्या बाजूला एका रात्रीचे सातशे रुपये, आणि विमानाच्या भाड्यातला फरक. खर्चाच्या बाजूला शिक्क्याचे डॉलर, किपच्या अदलाबदलीतली घट, टुकटुक, थांब्यांवरची कॉफी, पाठदुखीची गोळी. त्यात सर्वांत मोठी रक्कम खोलीची असते. होस्टेलची सामायिक खाट आता नजरेलाही सहन होत नाही, म्हणून प्रवासी एसी आणि स्वतंत्र स्नानगृह असलेली खोली घेतो, वाचवलेल्या भाड्याच्या दुप्पट-तिपटीने, आणि पुढचा अर्धा दिवस तिथे झोपून काढतो. नऊ दिवसांच्या रजेतून दीड दिवस गेला, तो पगाराच्या भावाने मोजला तर विमानाचे तिकीट त्यात येऊन वर थोडे उरते. हा हिशेब कोणी मांडत नाही, कारण त्याऐवजी प्रवाशाकडे अनुभव जमा झालेला असतो आणि अनुभवाचा भाव तो स्वतः ठरवतो. परतल्यावर चोवीस तासांचे तीस होतात, काकांच्या पोत्यावर कोंबड्या येऊन बसतात, खिंडीत दरड कोसळते. ऐकणारे दोघे-तिघे पुढच्या दिवाळीच्या सुटीत तीच बस पकडतात. या सेवेला जाहिरातीची गरज पडत नाही ती यामुळे.

याला पर्याय आहे. हनोईहून विन्हपर्यंत रेल्वेने बसून जाता येते. तिथून सकाळच्या गाडीने उजेडात खिंड चढली की चौकी उघडी मिळते आणि सुळकेही जागेपणी दिसतात. यात विन्हला एक रात्र मुक्काम करावा लागतो, म्हणजे खोलीभाडे पडते. म्हणून तो फारसा कोणी स्वीकारत नाही.