काय काम काढलंत?

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या एसटीत शेजारी एखाद्या आजी बसल्या, की भीमेचा पूल यायच्या आत त्या आपली सगळी चौकशी उरकतात. कुठल्या गावचे, कुणाकडे निघालात, काय काम काढलंत, मुक्काम आहे का, परत कधी. एकदा मी सहज हिशोब केला, तर वकिलातीच्या खिडकीवर विचारतात ते बहुतेक सगळे प्रश्न यात आले होते. फरक एवढाच, की उत्तरं पटली की आजी हातावर शेंगदाणे ठेवतात आणि वकिलातवाले बोटांचे ठसे घेतात.

हा हिशोब सुचण्याचं कारण म्हणजे माझा भाचा. धाकटी बहीण दौंडला दिलेली. तिचा मुलगा कुरकुंभच्या एमआयडीसीत रसायनांच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. माझं अक्षर चांगलं आणि सारी नोकरी शाळेत कागद लिहिण्यात गेलेली, म्हणून नात्यातले सगळे अर्ज माझ्याकडे येतात. आता अर्ज संगणकावर भरतात, अक्षराचा काही संबंध उरलेला नाही. पण वहिवाट पडली आहे. भाचा दिवाळीला फोन करायचा विसरतो, अर्जाच्या वेळी मात्र हजर. कामापुरता मामा ही म्हण माझ्या बाबतीत नात्यासकट खरी आहे.

२०२४ च्या जूनमध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टला ‘आखेमा’ भरणार होतं. रासायनिक कारखान्यांच्या यंत्रसामग्रीचं हे मोठं प्रदर्शन दर तीन वर्षांनी भरतं. कंपनीने भाच्याला तिथे पाठवायचं ठरवलं. प्रदर्शन बघायचं, तिथून एका कारखान्यात जाऊन कंपनीने मागवलेला पंप चालवून बघायचा, ठीक वाटला तर पास करायचा आणि परत. एकूण नऊ दिवस.

आता व्हिसा कोणता? पुण्यातला एक एजंट म्हणाला, “टुरिस्ट टाका, प्रश्न कमी विचारतात.” बहिणीला ते लगेच पटलं. “फिरायलाच तर चाललाय! पंप काय, इथेही रोज बघतो.” दाजी रेल्वेतून रिटायर झालेले, नियमाचे पक्के. ते म्हणाले, “कंपनी पाठवतेय ना? मग ते काम. कामाला कामाचाच व्हिसा.” भाचा माझ्याकडे बघायला लागला आणि मी चहाकडे.

गोंधळाचं मूळ आपल्या भाषेत आहे. ‘काम’ हा शब्द म्हणजे पोतं, काहीही भरा. तहसीलमध्ये काम असतं, पोरगा कामाला लागतो, लग्नघरात कामाला हात कमी पडतात आणि “तुमच्याकडे जरा काम होतं” असं कुणी म्हणालं की आपला हात आपोआप पाकिटावर जातो. व्हिसाचा कायदा नेमकं हे पोतं उसवतो. पगार इथलाच, आणि तिकडे जाऊन बघायचं, बोलायचं, घासाघीस करायची, सही करायची, प्रदर्शनात पाय मोडेपर्यंत हिंडायचं, याला तो बिझनेस म्हणतो. तिकडची नोकरी धरली, तिकडच्या पगारावर हातात पाना घेतला, की ते वर्क. त्याचा परवाना वेगळा आणि रांगही वेगळी. म्हणजे दाजींचं तत्त्व बरोबर होतं, पण व्हिसा चुकला होता.

एजंटही अगदीच खोटा नव्हता. शेंगेन देशांचा थोड्या दिवसांचा व्हिसा सहलीला आणि धंद्याला एकच असतो. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. फरक पडतो तो अर्जातल्या ‘प्रयोजना’च्या रकान्यात आणि सोबतच्या कागदांत. पण विमानतळावर कुणी बॅग उघडली, तर आत प्रदर्शनाचा पास, पंपाचं ड्रॉइंग आणि सेफ्टी शूज. सहलीला निघालेला माणूस सेफ्टी शूज कशाला नेतो, याचं उत्तर ना एजंटाकडे होतं ना बहिणीकडे.

बरं, प्रत्येक देशाचं पोतं वेगळ्या शिवणीचं. ब्रिटन पाहुणा आणि व्यापारी एकाच ‘व्हिजिटर’मध्ये बसवतं. चीनला अक्षरांची हौस: सहलीला एल, व्यापाराला एम, नोकरीला झेड. अमेरिकेचा बी-१ मात्र वाचण्यासारखा आहे. बाहेरच्या कंपनीने विकलेलं यंत्र, करारात तसं असेल तर, तिचा माणूस तिथे जाऊन बसवून देऊ शकतो, दुरुस्त करू शकतो, शिकवूही शकतो. बांधकाम मात्र करायचं नाही. बांधकामावर देखरेख चालते. आपल्या भाषेत, मुकादम चालतो, गवंडी चालत नाही. ही वाटणी कुणी केली ते माहीत नाही, पण आमच्याकडच्या प्रत्येक मुकादमाला ती मनापासून पटेल.

ही रेघ किती बारीक आहे ते ४ सप्टेंबर २०२५ ला दिसलं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजीच्या बॅटरी कारखान्याचं काम चालू होतं. तिथे धाड पडली आणि पावणेपाचशे माणसं धरली, त्यांत तीनशेहून जास्त कोरियन. बरेच जण थोड्या दिवसांच्या धंद्याच्या व्हिसावर किंवा व्हिसामाफीवर आलेले. आमच्या तालुक्यात रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. फ्रीज आणि वॉशिंग मशीनमुळे ते नाव घरातलं. चहाच्या टपरीवर बातमी अशी वाचली गेली, जणू पाहुण्यांच्या घरचंच कुणी धरलंय.

आपणही काही कमी नाही. २००९ मध्ये भारत सरकारने बिझनेस व्हिसावर येऊन प्रकल्पांवर राबणाऱ्या परदेशी लोकांना परत जाऊन एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्यायला लावला होता. आपल्या त्या व्हिसाला पगाराची किमान अट आहे. मात्र स्वतःच्या देशाचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला ती लागू नाही. इंजिनिअरचा पगार मोजतात, आचाऱ्याचा नाही. हे कलम लिहिणारा अधिकारी जेवून बसला असावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

व्हिसाचा तो वाद झाला त्या दिवशी बहिणीकडून, दौंडहून रेल्वेने निघालो. गाडी केडगावला थांबली आणि पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांचं मुक्ती मिशन इथलंच. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. गेल्या समारंभाला आणि राहिल्या अडीच वर्षांहून जास्त. बालवाडीची पद्धत शिकल्या, गावोगाव व्याख्यानं दिली, इंग्रजीत पुस्तक लिहून विकलं, विधवांच्या शाळेसाठी पैसे उभे केले आणि जपानवरून घरी परतल्या. आज त्या खिडकीवर उभ्या राहिल्या तर? समारंभापुरत्या पाहुण्या. शिकायचं तर विद्यार्थी. विद्यापीठात व्याख्यान देऊन मानधन घ्यायचं, तर बी-१ चा नियम असा: एका संस्थेत नऊ दिवस आणि सहा महिन्यांत पाचच संस्था. पुस्तकांची विक्री कशात घालायची, आणि विधवांसाठी वर्गणी? “प्रयोजन?” असं विचारल्यावर बाईंनी जे सांगितलं असतं, ते ऐकता ऐकता खिडकीची वेळ संपली असती. त्यांचं नशीब, की भारतातला पासपोर्टचा कायदा आला १९२० मध्ये.

व्हिसा या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘पाहिलेला’ असा आहे. आमचे मुख्याध्यापक हजेरीपटावर ‘पाहिले’ लिहून खाली सही करायचे, तेच हे. त्यांनीही कधी आत वाचलेलं मला आठवत नाही. पण ज्या दिवशी खाडाखोड असायची, त्या दिवशी बरोबर वाचायचे.

म्हणून आम्ही खाडाखोड ठेवली नाही. प्रयोजन बिझनेस. कंपनीचं पत्र, आमंत्रण, बँकेचा उतारा, तीस हजार युरोचा विमा. जर्मन आमंत्रणात भाच्याचं आडनाव पुढे आणि वडिलांचं नाव गायब होतं, ते पत्र परत मागवलं. त्यात आठ दिवस गेले. बहिणीने पासपोर्ट रांजणगावच्या महागणपतीच्या पायांशी ठेवून आणला. व्हिसा मिळाला, पंप पास झाला. फ्रँकफुर्टला एकच प्रश्न विचारला म्हणे, कशासाठी आलात? हा म्हणाला, बिझनेस. शिक्का पडला.

पुढचं आखेमा २०२७ च्या जूनमध्ये आहे. कुणी जाणार असाल तर अर्ज सहा महिने आधीपासून घेतात, पंधरा दिवस आधीपर्यंत तरी द्यावा लागतो. पासपोर्ट आणि आमंत्रण शेजारी ठेवून नाव एकदा अक्षर लावून वाचा. अडलंच तर मी शिरूरला असतो. येताना शेंगदाणे आणा.