एक पेटी जादा

वसंत लागला की इंग्लंडमधले परगण्यापरगण्यांचे मधपाळ संघ आपापले लिलाव भरवतात. जागा एखाद्या शेताचे आवार किंवा गावचे सभागृह. माल म्हणजे माश्यांसकट पेट्या, माश्यांविना पेट्या, मध काढायची यंत्रे, स्मोकर, बुरखे आणि खुद्द विकणाऱ्यालाही नाव सांगता येणार नाही अशा काही लोखंडी वस्तू. सगळ्यांच्या आधी येऊन, हात पाठीमागे बांधून या मालाभोवती जो फेऱ्या घालतो, तो लिलावातला मधपाळ. वय साठीच्या पुढे, नोकरीतून मोकळा, जाकिटाला गरजेपेक्षा जास्त खिसे आणि गाडीमागे ट्रेलर. ‘सहज बघायला आलोय’ असे तो भेटेल त्याला सांगतो. पण सहज बघायला येणारी माणसे ट्रेलर जोडून येत नाहीत. लोक त्याला चिक्कू समजतात, तो स्वतःला काटकसरी समजतो, आणि माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. पैसे वाचवणे हा त्याचा हेतूच नसतो. येत्या हंगामात आपण जो मोठा मधपाळ होणार आहोत, त्याचे सामान तो आजपासून जमवत असतो. स्वस्ताई ही घरी सांगायची सबब.

पुरावा हिशेबातच आहे. सीडरच्या लाकडाची नवी, तयार पेटी महाग पडते हे खरे. पण तेच कारखानदार सेल लावतात आणि दुय्यम प्रतीच्या लाकडाचे सुटे भाग इतक्या उतरत्या दराने विकतात की संध्याकाळभर हातोडी चालवली तर कोरी पेटी जुनीच्या आसपास पडते. हे त्याला कोणी सांगायला नको. गेल्या सेलमधले गठ्ठे त्याच्या गॅरेजमध्ये न सोडलेल्या दोऱ्यांसकट पडून असतात. जुन्या पेटीचा खर्च मात्र बोली संपल्यावर सुरू होतो. ट्रेलरचे पेट्रोल, आतले लाकूड कॉफीच्या रंगावर येईपर्यंत भाजायला ब्लोटॉर्च आणि त्याचा गॅस, जुन्या चौकटी जाळायच्या, म्हणून नव्या चौकटी, त्यांत नवे मेणपत्रे. लिलावातले म्हणून शेवटी उरतात त्या चार फळ्या. हा हिशेब तो कधी कागदावर मांडत नाही, आणि स्मरणशक्ती कमी पडते असेही म्हणायला जागा नाही. ज्या सालाच्या शेवटी एक किंवा सहा येतो त्या सालच्या राणीमाशीच्या पाठीवर पांढरा ठिपका, दोन किंवा सात असेल तर पिवळा, मग लाल, हिरवा, निळा, हे त्याला झोपेतही पाठ असते. गेल्या वर्षीच्या लिलावात आपण किती पौंड घालवले, एवढेच आठवत नाही.

माल निवडण्याची रीत पाहिली तर उरलीसुरली शंकाही फिटते. इंग्लंडात अजून निरनिराळ्या मापांच्या अर्धा डझन तरी पेट्या चालतात, आणि शहाण्याने एक माप धरून राहावे हे पहिल्या वर्गातच शिकवतात. नॅशनल पेटीत अकरा चौकटी बसतात. विल्यम ब्रॉटन कार यांच्या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी डब्ल्यूबीसी ही दुहेरी भिंतींची, पांढऱ्या उतरंडीची, मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात असते तशी पेटी. तिच्यात दहाच बसतात. कमर्शियल बाहेरून नॅशनलएवढी दिसते, पण तिच्या चौकटी मोठ्या. लँगस्ट्रॉथचे मापच वेगळे. आपल्या माणसाकडे घरी नॅशनल असते, म्हणून तो बोली डब्ल्यूबीसीवर लावतो. कोणी भुवई उंचावलीच तर ‘चौकटी तरी एकाच मापाच्या आहेत’ असे उत्तर तयार असते, आणि ते खरेही असते. फक्त त्याच्या मधकोठ्या तिच्यावर बसत नाहीत, तिचे झाकण त्याच्या कशावर बसत नाही. त्याहून नाजूक प्रकरण घरी ठोकलेल्या पेट्यांचे. माश्या ये-जा करण्यापुरती सहा ते नऊ मिलिमीटरची फट मोकळी सोडतात, हे लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकी पाद्र्याने १८५१ मध्ये हेरले आणि आजची सगळी पेटी त्या फटीवर उभी राहिली. फट त्याहून मोठी झाली की माश्या तिथे पोळे बांधतात, लहान झाली की डिंकासारख्या राळेने लिंपून टाकतात. कुणा हौशी सुताराचा हात थोडासा चुकलेला असतो आणि म्हणूनच ती पेटी स्वस्त असते. पुढे प्रत्येक तपासणीला चौकट उचकटताना माश्या त्या सुताराचा सूड भलत्याच माणसावर उगवतात.

इथे जाणकार एक गंभीर आक्षेप घेतात, आणि त्याला हसून टाळता येत नाही. अमेरिकन फाउल ब्रूड नावाचा जिवाणूंचा रोग आहे. त्यात अळ्या कुजून चिकट होतात, आणि त्याचे बीजाणू जुन्या लाकडात व मेणात चाळीस-चाळीस वर्षे तग धरतात. इंग्लंडात हा रोग आढळला की सरकारला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. निरीक्षक येतो आणि ती वसाहत खड्ड्यात जाळली जाते. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पेटीत हे बीजाणू आहेत की नाहीत ते डोळ्यांना कळत नाही. मग जुने सामान घेणारा हा माणूस निव्वळ मूर्ख ठरत नाही का? नाही. उलट याच बाबतीत तो सगळ्यांत शहाणा असतो. जबाबदार संघ लिलावाआधी वसाहती तपासून घेतात आणि जुनी पोळी मांडूच देत नाहीत, ते ठीकच. पण त्याची स्वतःची तपासणी वेगळी. स्थळ बघायला आलेल्या मामांप्रमाणे तो मुलीकडे ढुंकूनही न बघता घराण्याची चौकशी करतो. पेटी कोणाची? का विकतोय? गेल्या वर्षी त्याच्या शेजारच्या बागेतल्या माश्यांचे काय झाले? चहाच्या टेबलाशी तासभर चाललेली ही कुचाळकी म्हणजे लिलावातला एकमेव शास्त्रीय प्रयोग. जे लाकूड सांगू शकत नाही ते फक्त मालकाचा इतिहास सांगू शकतो. त्या मानाने माश्यांच्या पेटीपुढचा त्याचा अभिनय अगदीच पोकळ. पेटीचे तोंड फोमने बंद, वर जाळी, उघडायची सोय नाही. तरी तो वाकून कान लावतो, एक बाजू किंचित उचलतो आणि मान डोलावतो. त्या डोलावण्यातून त्याला काहीच कळलेले नसते. कळते ते शेजारच्याला: हा बोली लावणार. भाव तिथूनच चढतो.

दुसरा आक्षेप त्याच्या बाजूचा आहे आणि फार मजबूत आहे. पेट्या नुसत्या हौसेने जमवतो म्हणता, पण जादा पेटी ही मधपाळाची गरजच नाही का? मे महिन्यात जोमदार वसाहत राणीपेशी बांधते आणि जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन घर सोडते. तिला थोपवायला सॅसेक्सच्या जेम्स पॅग्डनच्या नावाने चालणारी पद्धत आहे, पण तिलाही दुसरी पेटी हाताशी लागतेच. म्हणून प्रत्येक शिक्षक बजावतो: एक पेटी कायम रिकामी ठेवा. हे शंभर टक्के बरोबर आहे, आणि या माणसाचा घात नेमका इथेच होतो. रिकामी पेटी मे महिन्यात भरते. भरली की ती जादा राहत नाही. म्हणून पुढच्या एप्रिलला आणखी एक जादा पेटी घ्यावी लागते, आणि भरलेल्या दोन पेट्यांसाठी एक जादा म्हणजे बेपर्वाईच, तेव्हा दोन घेतो. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही छंदाने आपल्या उधळपट्टीला इतके निर्दोष तर्कशास्त्र पुरवलेले नाही. टपाल तिकिटे रात्रीत दुप्पट होत नाहीत. इतरांच्या संग्रहाला निदान कपाटाची मर्यादा असते; याचा संग्रह स्वतः उडून शेजाऱ्याच्या सफरचंदाच्या झाडावर बसतो आणि तो उतरवायला आणखी एक पेटी मागतो.

हे चक्र कुठे थांबते ते पाहायचे तर लिलावाची यादी वाचावी. पहिल्याच हंगामात दंश झाल्यावर विकायला काढलेला, घड्याही न मोडलेला पांढरा पोशाख असतो. पण बाकीचा बराचसा माल त्याच्यासारख्यांचाच: गुडघे गेले, मधाने भरलेली दहा-बारा किलोची कोठी उचलवेना, घर लहान केले, म्हणून आला. जुन्या इंग्रजी समजुतीप्रमाणे माश्या पैशाने विकत घेणे अशुभ. सोने द्यावे नाहीतर वस्तूच्या बदल्यात वस्तू. लिलावाने ही समजूत मोडली असे वरवर वाटते. खरे पाहता तिथे अदलाबदलच चालते, फक्त तिला दहा-पंधरा वर्षे लागतात. कथिलाचा मुलामा दिलेले जुने मधयंत्र आता कोणी मधासाठी वापरू धजत नाही. पण एक जण ते घेतो, पुढे त्यात जिरेनियम लावतो, कंटाळला की परत लिलावात आणतो, आणि दुसरा एक जण ते मधयंत्र म्हणूनच बघतो. मालक बदलतात, वस्तू तीच फिरते, आणि दर फेरीला संघाच्या पेटीत कमिशन पडते. म्हणूनच नव्या सभासदांना लिलावापासून सावध राहायला सांगणारे कार्यकारी मंडळ दरवर्षी लिलाव मात्र न चुकता भरवते, आणि खजिनदार आपल्या माणसासाठी दाराजवळची, ट्रेलर लावता येईल अशी जागा राखून ठेवतो.