बलून कुठे ठेवायचा?

पुण्यातली बिबवेवाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे घर विकायचे आहे की घ्यायचे आहे यावर ठरते. विकणाऱ्याची बिबवेवाडी मार्केट यार्डाच्या भिंतीपासून सुरू होते आणि कोंढव्याच्या अर्ध्या वाटेपर्यंत पसरते. घेणारा मात्र तोच फ्लॅट पाहून धापा टाकत म्हणतो, "हे तर अप्पर इंदिरानगरला आलं हो, चढ बघा केवढा!" तेवढ्यावर भावात चार पैसे उतरतात. पिनकोड दोघांचाही ४११०३७च.

या लवचीक भूगोलात अलीकडे शाळा येऊन बसली आहे. पूर्वी घर दाखवणारा एजंट पाण्याची वेळ आणि स्वारगेटची बस सांगायचा. आता दार उघडण्याआधीच तो "शाळा वॉकिंग डिस्टन्सवर" म्हणून टाकतो. कुणाच्या पायांनी, हे विचारायचे नसते. गंगाधाम चौकातल्या एका एजंटाने मला गॅलरीतून बोट करून शाळा दाखवली होती. शाळा दिसत होती, यात वाद नाही. पण त्या गॅलरीतून पर्वतीही दिसत होती.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिकडे वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो नावाचा शाळांचा जिल्हा आहे आणि त्याच्या हद्दीत घर मिळावे म्हणून आपली मराठी मंडळी वर्षानुवर्षे बचत करतात. तिथल्या सरकारी शाळांचा बराचसा खर्च घरपट्टीतून निघतो आणि कुठल्या घरातले मूल कुठल्या शाळेत जाणार, हे हद्दीवरून ठरते. भाचा व्हिडिओ कॉलवर सांगत होता, "मामा, रस्त्याच्या अलीकडचं घर महाग, पलीकडचं स्वस्त. विटा त्याच, झाडं तीच." हे अर्थशास्त्रज्ञांनीही मोजले आहे. सँड्रा ब्लॅक या बाईंनी मॅसॅच्युसेट्समध्ये हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या किमती ताडून पाहिल्या आणि १९९९ साली निष्कर्ष मांडला, की परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी चांगले असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात. "तुमच्याकडे बरंय, हद्दच नाही," भाचा म्हणाला. मी मामा असल्यामुळे गप्प बसलो.

कारण हद्द आपल्याकडेही आहे, फक्त ती सगळ्यांना लागू नाही. ज्याच्या खिशात फी आहे त्याचे मूल बिबवेवाडीतून व्हॅनमध्ये बसून पुण्याच्या कुठल्याही टोकाला जाऊ शकते. व्हॅनवाल्या काकांना किलोमीटरचे भय नाही. किलोमीटर मोजायचा असतो तो शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागा मागणाऱ्याने. हा कायदा २००९ सालचा, अंमल १ एप्रिल २०१०पासून. खासगी शाळांच्या पहिल्या पायरीवर चौथा हिस्सा जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या, फी सरकार भरणार. जागा कमी आणि अर्ज फार, म्हणून सोडत. आणि सोडतीत घरापासून एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी मान, मग तीनपर्यंतच्यांना.

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या ताई अप्परला राहतात. मुलाचा अर्ज भरायला त्या माझ्याकडे आल्या, कारण माझ्याकडे संगणक आहे आणि निवृत्त माणसाला वेळ असतो, असा त्यांचा समज आहे. अर्जात नकाशा उघडतो आणि त्यावर एक बलून ओढून आपल्या घरावर ठेवावा लागतो. ताईंचे घर ज्या बोळात आहे तो बोळ नकाशाला ठाऊकच नव्हता. पहिल्या झटक्यात बलून व्हीआयटीच्या आवारात पडला.

"अहो, पोरगं अजून पहिलीत जायचंय," ताई म्हणाल्या, "आत्ताच कशाला इंजिनिअरिंगला घालता?"

बलून थोडा सरकवला. शाळा एक किलोमीटरच्या जरा बाहेर गेली.

"काका, जरासा खाली ओढा की."

"खाली ओढला तर तुमचं घर नाल्यात जाईल."

"जाऊ द्या हो. पावसाळ्यात तसंही जातंच."

तेवढ्यात सूचना वाचली, की बलून जास्तीत जास्त पाचच वेळा ठेवता येतो. त्यानंतर माझा हात असा कापायला लागला, की ताईंनीच माउस हातात घेतला आणि बलून मुकाट्याने खऱ्या घरावर नेऊन ठेवला. पडताळणीत पत्ता खोटा निघाला तर प्रवेश जातो, हे त्यांना माझ्याआधी माहीत होते.

नकाशा अंतर हवेतून मोजतो. पक्ष्याला अप्परहून पुष्पमंगल चौकात उतरायला जितके जावे लागेल तितके. सहा वर्षांच्या मुलाने दप्तर घेऊन तो चढ संध्याकाळी चढायचा आहे, ही गोष्ट नकाशाच्या गावी नाही.

पुढे भाडेकरार. तो साधा चालत नाही. दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला, अर्ज भरण्याच्या आधीचा आणि किमान ११ महिन्यांचा हवा. खोलीमालक म्हणतो, "इतकी वर्षं राहताय, कधी कागद मागितला का मी? मग तुम्ही का मागता?" या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

गंमत म्हणजे घरांचे सरकारी दर सांगणाऱ्या रेडी रेकनरमध्ये विभाग असतात, सर्व्हे नंबर असतात, दुकानाचा दर वेगळा आणि घराचा वेगळा. शाळेचा रकाना नाही. तो बाजाराने स्वतःच्या मनाने काढला आहे. त्यातही खाच अशी, की शाळा जवळ हवी, पण शेजारी नको. जवळच्या फ्लॅटला भाव येतो आणि भिंतीला भिंत लागून असलेल्याला सकाळी व्हॅनचे हॉर्न, दुपारी पालकांच्या आडव्या लावलेल्या स्कूटर आणि डिसेंबरभर स्नेहसंमेलनाचे स्पीकर. असा फ्लॅट रविवारी दाखवतात.

या सगळ्या हिशेबात महापालिकेची शाळा कुणी धरत नाही. ती बहुतेकांना सर्वांत जवळ असते, पण "मनपा शाळेपासून दोन मिनिटांवर" अशी जाहिरात मी अजून वाचलेली नाही. तिला एकदाच भाव आला, २०२४च्या फेब्रुवारीत. राज्य सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने राखीव जागा देण्याची गरज नाही. पुण्यात अशी शाळा नसलेला किलोमीटर सापडणे कठीण. म्हणजे मनपाच्या शाळेचे जवळ असणे पहिल्यांदाच कामी आले, ते दुसऱ्या शाळेचे दार लावायला. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले.

वस्तीतल्या सगळ्या मुलांनी, श्रीमंत-गरीब न पाहता, वस्तीतल्याच शाळेत जावे, असे १९६६ सालीच कोठारी आयोगाने लिहून ठेवले आहे. आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. तसे झाले असते तर गंगाधाम चौकातल्या एजंटाला पुन्हा पाण्याच्या वेळेवर यावे लागले असते.

आणखी एक अट सांगायची राहिली. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. तेवढ्या पैशांत बिबवेवाडीत, शाळेपासून एक किलोमीटरच्या आत, ११ महिन्यांच्या नोंदणीकृत भाडेकरारावर खोली कुणाच्या पाहण्यात असेल आणि वर जेवायलाही काही उरत असेल, तर कृपया कळवावे. ताईंना पत्ता देईन.